सायाळीचं पुस्तक

पुस्तक पिण्याच्या पाण्याच्या पिंपात सापडलं. खिचडीसाठी पाणी घ्यायला गेलेल्या मावशींचा तांब्या कशाला तरी अडकला. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून ते वर काढलं आणि ओरडल्या, "बाई, हिकडं या! सायाळ बुडाली बगा!" मावशी म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस. मी हजेरी भरत होते, ती तशीच टाकून धावले. मावशींच्या हातात माझं सगळ्यात लाडकं पुस्तक होतं आणि त्याच्या चारही कोपऱ्यांतून पाणी गळत होतं.

माझा राग गावाला माहीत आहे. धारूरच्या डोंगराला लागून असलेल्या या लहानशा गावात मी दहा वर्षं अंगणवाडी चालवते, आणि माझा आवाज चढला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवते असं मावशी सगळ्यांना सांगत असतात. त्या दिवशी तो चांगलाच चढला. "कुणी केलं हे? आत्ताच्या आत्ता पुढं या!" वीसेक लेकरं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मला वाटलं, आता एकमेकांकडे बोटं दाखवतील, मग रडारड होईल आणि खरं काय ते संध्याकाळपर्यंत कळेल. नेहमी तसंच होतं.

पण पाच वर्षांची एक मुलगी लगेच दोन पावलं पुढे आली. ही मुलगी कधी कशात नसायची. मारामारीत नाही, खाऊ हिसकावण्यात नाही. तिने माझ्याकडे सरळ बघून सांगितलं, "म्या टाकलं."

"कावून?" मीही तिच्याच बोलीत कारण विचारलं. रागात मला पुस्तकी बोलता येत नाही.

"ते वाचलं का आया जातेत," ती म्हणाली.

मावशींनी हातातलं पुस्तक हळूच खिडकीत ठेवलं आणि माझ्याकडे न बघता चुलीकडे गेल्या. बाकीची लेकरं माझ्या ओरडण्याची वाट बघत उभी होती. मी ओरडले नाही. "जा, बसा," एवढंच म्हणाले, आणि स्वतःही खाली सतरंजीवर बसले.

हे असं का झालं ते सांगायचं तर पुस्तकांच्या पेटीपासून सांगावं लागेल. मी अंगणवाडीत लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, चित्रांच्या पुस्तकांची एक पेटी आली. बारा पुस्तकं. तोवर आमच्याकडे भिंतीवरचे तक्ते होते आणि ते मीच काठीने दाखवून वाचायचे. लेकरांना त्यांचा कंटाळा होता, मला तर त्यांच्याहून जास्त. पेटी आली आणि माझं काम बदललं. मला अंगणवाडीतलं काय आवडतं असं कुणी विचारलं, तर मी खिचडीचं नाव घेणार नाही आणि रजिस्टरांचं तर मुळीच नाही. लेकरांना पुढे बसवून चित्रांचं पुस्तक वाचून दाखवणं, यासारखं सुख दुसऱ्या कशात नाही.

त्या बारांतलं प्रत्येक पुस्तक मी शेकडो वेळा वाचलं असेल, त्यामुळे माझी मतं पक्की झाली आहेत. एकात एक म्हैस डोहात बसते आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. तिला कुणी वैरण दाखवतं, कुणी गाणं म्हणतं, कुणी धमकावतं, आणि प्रत्येक पानावर तिचं उत्तर एकच, "अजून थोडा वेळ." लेकरं ते उत्तर छत फाटेल अशा आवाजात देतात आणि घरी आईने बोलावलं की तिथेही देतात. त्यावरून माझ्याकडे तक्रारीही आल्या आहेत. एकात हरवलेली चप्पल आपल्या जोडीची चप्पल शोधत बाजारभर हिंडते. एकात शब्दच नाहीत, नुसते हात आहेत; भाकरी थापणारे, गोधडी शिवणारे, विहिरीतून बादली ओढणारे, कान पिरगाळणारे. ते पुस्तक पहिल्या दिवशी मला वाचताच येईना. शब्द नाहीत तर वाचू काय? मग एका लेकराने हात बघून सांगितलं, "हे माझ्या आज्याचे," आणि तासभर सगळी जणं हात ओळखत बसली. तेव्हापासून ते तसंच वाचायचं असतं. आणि तीन पुस्तकं होती शेवटच्या पानावर हात धुवा, खरं बोला, भांडू नका असं काहीतरी बजावणारी. ती मी वाचते, कारण वाचायला सांगितलेली आहेत. पण लेकरं काही दुधखुळी नसतात. शेवटचं पान जवळ आलं की ती खिडकीबाहेर बघायला लागतात.

या सगळ्यांत माझं लाडकं होतं सायाळीचं पुस्तक. आमच्या डोंगरात सायाळी आहेत, लेकरांना त्यांचे काटे वाटेत सापडतात, त्यामुळे पहिल्या चित्रापासून ती पुढे सरकून बसायची. गोष्ट साधी होती. डोंगराच्या पोटात एक बीळ, बिळात सायाळ आणि तिचं पिल्लू. पिल्लू गाढ झोपलेलं असतं. सायाळ उठते. पुढच्या पानावर ती डोंगर चढून जाताना दिसते, पाठमोरी, एवढीशी. मग पिल्लू बिळाबाहेर येतं आणि भेटेल त्याला विचारतं, "डोंगरापलीकडे किती लांब असतं?" मुंगीला विचारतं, कासवाला, मोराला. प्रत्येक जण आपापल्या चालीप्रमाणे उत्तर देतो. शेवटी सायाळ तोंडात कंद धरून परत येते आणि दोघं एकमेकांना चिकटून झोपतात, काटे न टोचता.

यात एक खोड होती आणि ती मला नाही, लेकरांना दिसायची. जवळजवळ दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, पिल्लू तर झोपलं होतं. मंग आई डोंगरापल्याड गेली हे त्याला कसं कळलं?" माझं उत्तर ठरलेलं होतं. "सायाळीच्या पिल्लाला वासावरून कळतं." किती ठसक्यात सांगायचे मी! विचारणारं लेकरू गप्प बसायचं आणि मी पान उलटायचे. ते पान हाताला जरा जाड लागायचं. मला वाटायचं छापतानाच तसं आलं असेल. पुस्तकाची सगळीच पानं जाड, वर प्लॅस्टिकचा थर दिलेली, गुळगुळीत होती. शिवाय मी पुस्तक माझ्या गालाशी, लेकरांकडे तोंड करून धरायचे आणि वर्षभरात ते इतकं पाठ झालं की मी त्यात बघायचंच सोडून दिलं होतं.

आता आयांचं सांगते. आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टर येतो, ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, सरपण, बकरी, सगळं चढतं आणि नवरा-बायको निघतात, ते होळीनंतर परत येतात. तान्ही लेकरं बरोबर जातात, बाकीची आजीजवळ राहतात. मी नवी होते त्या पहिल्या वर्षी मी ते निघणं पाहिलं. एका लेकराने ट्रॉलीचा कडीकोयंडा धरून ठेवला होता. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली आणि ती सोडवणाऱ्यांत मी होते. त्याचा आवाज ट्रॅक्टरच्या आवाजाच्या वर येत होता. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही.

तेव्हा मीच युक्ती काढली. आई सकाळी लेकराला तेल लावून, काजळ घालून अंगणवाडीत आणून सोडायची आणि माझ्या कानात म्हणायची, "बाई, आज." मी मान हलवायचे. खिचडी झाली की लेकरं सतरंजीवर आडवी व्हायची आणि मी सायाळीचं पुस्तक काढायचे. ते मी संथ लयीत वाचायचे, मोर येईपर्यंत बहुतेकांचे डोळे मिटायचे. मग आई दारात येऊन उभी राहायची. आत यायची नाही, जोडव्यांचा आवाज नको म्हणून. लेकराकडे बघायची, तोंडावर पदर धरायची आणि जायची. दुपारी लेकरू उठायचं तेव्हा ट्रॅक्टर पार चौसाळ्याच्या पुढे गेलेला असायचा.

मला याचा अभिमान होता. का लपवू? नवीन आया यायच्या, त्यांना मी स्वतः सांगायचे, "झोपेत असताना निघ गं. लेकराला त्रास होत नाही. आपल्या पुस्तकातली सायाळसुद्धा तसंच करते बघ." त्या हसायच्या. एक-दोघींनी तर मला येताना ऊस आणून दिला होता, आभार म्हणून.

पिंपात पुस्तक टाकणारी ती मुलगी मागच्या वर्षी चार वर्षांची होती. तिची आईही अशीच दारातून बघून गेली. मुलगी उठली, फाटकापर्यंत गेली, रस्त्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि परत आली. रडली नाही. मी तिला जवळ घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, किती शहाणी आहे माझी बाई! मुळीच रडली नाही." त्यानंतर मात्र तिने दुपारी झोपणं बंद केलं. सगळी झोपली की ही भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून बसायची. डोळे मिटायला लागले की मांडीला चिमटा काढायची. मला ते हट्टीपणाचं लक्षण वाटलं. "डोळे मीट!" म्हणून मी तिच्यावर किती वेळा खेकसले असेन, आता मोजतासुद्धा येणार नाही. होळीनंतर आई आली तेव्हा ती पुन्हा झोपायला लागली. ते बघूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

तर त्या दिवशी, "ते वाचलं का आया जातेत," हे ऐकून मी सतरंजीवर बसले होते. लेकरांना वाटत होतं की आयांना मी पाठवते. पुस्तक काढलं की कुणाची तरी आई जाणार, हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं, आणि मी मात्र पुस्तक वाचून दाखवण्यातल्या सुखाच्या गप्पा मारत होते. मला लाज वाटली. भीतीही वाटली, की आणखी काय काय मला दिसलेलं नाही.

पुस्तक वाळवायला मी बाहेर ओट्यावर घेतलं. पानं जाड असल्यामुळे फार बिघडली नव्हती. मी एकेक पान फडक्याने टिपत होते. ते जाड पान आलं आणि टिपताना त्याची कडा सुटी झाली. आतून मऊ, तांबूस, चिकट काहीतरी बाहेर आलं. मी वास घेतला. गूळ होता. मी बोटाने हळूहळू कडा सोडवत गेले आणि पान दुभंगलं. ते एक पान नव्हतंच, दोन होती. त्यांच्या पोटात समोरासमोर दोन चित्रं होती जी मी नऊ वर्षांत एकदाही वाचून दाखवली नव्हती.

डावीकडच्या चित्रात सायाळ पिल्लाला नाकाने ढोसत होती. खाली लिहिलं होतं, "सायाळीनं पिल्लाला उठवलं. म्हणाली, मी डोंगरापलीकडे जाते आहे. कंद घेऊन परत येईन." उजवीकडे पिल्लू तोंड उघडून रडत होतं आणि सायाळ त्याच्यासमोर बसली होती. "पिल्लू रडलं. खूप रडलं. त्याचं रडून होईपर्यंत सायाळ थांबली. मग निघाली."

मी ते तीनदा वाचलं. मग मावशींना हाक मारली, त्यांनाही वाचून दाखवलं. मावशी पदराला हात पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई! म्हंजे ती सांगून गेलती?"

सांगून गेली होती. नऊ वर्षं ती सांगून जात होती आणि मी तिला चोरपावलांनी घालवत होते. पिल्लाला वासावरून काही कळलं नव्हतं. त्याला आईने सांगितलं होतं.

गूळ कुठून आला ते आठवायला वेळ लागला नाही. पेटी आली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे खंडेनवमीला विळे-कोयते पूजतात तशी पुस्तकंही पूजतात. मी बारांतलं सगळ्यात देखणं पुस्तक निवडलं, उघडून पाटावर मांडलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि नैवेद्याचा गूळ-खोबऱ्याचा खडा त्या उघड्या पानावरच ठेवला. चित्र मी नक्की पाहिलं असणार, पण वाचलं नाही. पूजा आहे, वाचायचं कशाला? ऊन तापलं, गूळ पाघळला. संध्याकाळी मी खडा उचलला, पुस्तक मिटलं आणि जपून ठेवायचं म्हणून सगळ्या रजिस्टरांच्या खाली दाबून ठेवलं. वाचायला काढलं ते दिवाळीनंतर. म्हणजे आधी पूजलं आणि मग वाचलं. माझ्यासारख्या शिकल्या-सवरल्या बाईने केलेला हा प्रकार. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

आणि पाचव्या दिवशी त्या मुलीच्या आईचा ट्रॅक्टर येणार होता.

मी त्याच दिवशी, अंगणवाडी सुटल्यावर, ओलं पुस्तक पिशवीत घालून तिच्या घरी गेले. आई अंगणात बसून ज्वारी निवडत होती, सासू आत होती, मुलगी शेजारी खेळायला गेलेली. मी पिंपाचा प्रकार सांगितला तशी ती उठायलाच लागली, "थांबा, येऊ द्या कार्टीला!" मी तिला धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. या वर्षी जाताना तिला सांगून जा. जागेपणी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, मागल्या साली तुमीच म्हणला होतात ना, झोपेत असताना निघ म्हणून?"

"म्हणाले होते. माझं चुकलं."

हे वाक्य मी गावात पहिल्यांदाच कुणाला तरी म्हणाले असेन. तिलाही ते कळलं. पण ती मानायला तयार नव्हती. "तुमाला सोपं हाय बाई. तुमी हितंच ऱ्हाता. मला तिचं रडणं कानात घेऊन जायचं हाय. दिवसभर फडात त्येच ऐकू आलं तर मी काय करू? कोयता चालंल का माझा?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि ती दोन पानं तिच्यापुढे धरली. ती सातवीपर्यंत शिकली होती. शब्दांखाली बोट ठेवून तिने मोठ्याने वाचलं, थांबत थांबत. "त्याचं... रडून... होईपर्यंत... सायाळ थांबली." तिथे तिचं बोटही थांबलं. तिने ज्वारीचं सूप मांडीवरून खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

मग म्हणाली, "मागल्या साली फोनवर ती माझ्याशी एक सबद बोलली न्हाई, बाई. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सासूबाई फोन तिच्या कानाला लावायच्या, बोल म्हणायच्या. मला नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. मला वाटलं, लेकरू हाय, इसरली मला. आले तवा काय केलं ठाऊक हाय? राती माझा पदर आपल्या मनगटाला गाठ मारून बांधायची आन् मंग निजायची. अजून बांधती. मी कुणाला सांगितलं न्हाई. लोक हसतील."

मला हे काहीच माहीत नव्हतं. माझ्या घरापासून तिचं घर दोन गल्ल्या लांब. मी त्या मुलीला रोज बघत होते, तिचं वजन-उंची लिहीत होते, तिचं शहाणपण चार जणांना सांगत होते. मी तिथेच अंगणात रडायला लागले. तिच्या आईला काय करावं कळेना. ती म्हणाली, "बाई, तुमी नका रडू. बगते मी. बगते." सांगते असं ती म्हणाली नाही.

ते चार दिवस मी पुस्तकांच्या पेटीला हात लावला नाही. मावशी विचारायच्या, "आज गोष्ट न्हाई का?" आणि मी काहीतरी काम काढायचे. या चार दिवसांत दोन आया गेल्या. त्यांनी कानात "बाई, आज" म्हटलं तेव्हा मी त्यांना आधी लेकराला सांगायला लावलं. एकीने सांगितलं. दुसरी मला वेड लागलंय असं समजून लेकराला घरीच आजीजवळ निजवून गेली.

पाचव्या दिवशी सकाळी त्या मुलीची आई तिला घेऊन आली. तेल नाही, काजळ नाही, मुलगी नेहमीच्याच फ्रॉकमध्ये. आई आत आली नाही. बाहेर पायरीवरच बसली, मुलीला पुढ्यात उभं केलं आणि दोन्ही हातांनी तिचे दंड धरून म्हणाली, "आज मी ऊसतोडीला जाते हाय. तुझे पप्पा आन् मी. तू आजीजवळ ऱ्हायचं. होळी झाली का मी येते. आता ट्रॅक्टर येईल."

मुलगी रडायला लागली. मी दहा वर्षांत बरीच लेकरं रडताना पाहिली आहेत, पण असं रडणं पाहिलं नव्हतं. मागच्या वर्षीचंही सगळं त्यात होतं, असं मला वाटलं. ती आईला मारत होती, तिचे केस ओढत होती, जमिनीवर लोळत होती. आतली लेकरं दारात गोळा झाली. पलीकडच्या घरातल्या बायका बाहेर येऊन माझ्याकडे बघायला लागल्या, ही बाई आज काय करते आहे म्हणून. ट्रॅक्टर पारापाशी येऊन उभा राहिला, हॉर्न वाजायला लागला. मुकादम लांबून ओरडला, "चला की ओ, उशीर व्हायलाय!" आई हलली नाही. तिचं तोंड पांढरं पडलं होतं, पण ती हलली नाही.

मलाच ते सोसेना. इतकं सगळं कळून चुकलं होतं, तरी मी पुढे झाले, मुलीला उचलून आत न्यावं, दार लावावं आणि आईला मोकळं करावं म्हणून. मावशींनी माझा दंड धरला आणि इतक्या जोरात चिमटा काढला की मी "आई गं" म्हणाले. "थांबा जरा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तिला थांबू द्या."

किती वेळ गेला सांगता येत नाही. हॉर्न चार-पाच वेळा वाजला. मुलीचे हुंदके लांब लांब व्हायला लागले. मग ती उठली, आईच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिने विचारलं, "होळी कंदी हाय?" आईने बोटांवर महिने मोजून दाखवले. दिवाळीचा, मग थंडीचा, मग संक्रांतीचा, मग शिवरात्रीचा, मग शिमग्याचा. मुलीने तीच बोटं आपल्या हाताने पुन्हा मोजली. आई उठली. मुलगी तिच्याबरोबर पारापर्यंत चालत गेली, मी मागे. ट्रॉली हलली तेव्हा ती पुन्हा रडली आणि वरून आईही रडली, सगळ्यांदेखत. ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत दोघी एकमेकींना बघत होत्या.

त्या दिवशी मुलीने खिचडी अर्धीच खाल्ली. मी काही म्हणाले नाही. बाकीची लेकरं आडवी झाली. मी भिंतीशी बसून होते, हातात काही नव्हतं. ती आपली ताटली घेऊन माझ्यापाशी आली आणि उभी राहिली. डोळे सुजले होते, आवाज बसला होता.

"बाई, मागल्या साली आई गेली तवा तुमाला ठाऊक होतं?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पाच वर्षांचं लेकरू, त्याला काय कळणार, हा विचार अजून माझ्यात शिल्लक होताच.

"होतं," मी म्हणाले.

"तवा मी निजले होते."

"हो."

"मंग मला उठवलं कावून न्हाई?"

"तू रडली असतीस गं."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, इतकी साधी गोष्ट मला कळत कशी नाही याचं नवल होतं.

"मंग रडले असते की," ती म्हणाली आणि ताटली ठेवायला मावशींकडे गेली.